कर्ता शोधा

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला इथं बोलायला बोलावलं तेव्हा विषय दिला ‘प्राथमिक शिक्षण आणि आपण’. प्राथमिक शिक्षणावर बोलायचं म्हटलं की माणूस एक तर आकडे काढतो, नाहीतर गळा काढतो. मला दोन्ही करायचं नाही. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मिरजेत एका छापखान्यात दिवसभर लग्नपत्रिका आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स जुळवतो. संध्याकाळी सात ते नऊ वस्तीतल्या विहारात चौथी-पाचवीच्या पोरांचा अभ्यास घेतो. तेव्हा ही पोरं या दिवसांत वर्गात काय शिकतात, तेवढंच सांगतो. या दिवसांत म्हणजे पाऊस सरतो, सहामाही होते, दिवाळीची सुट्टी येते-जाते, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात, त्या दिवसांत.

तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं. तुम्हाला सातारा-सांगली म्हटलं की कंदी पेढे आठवतात, हळद आठवते, नाट्यपंढरी आठवते. आमच्याकडे या दिवसांत शाळेत आणखी एक गोष्ट असते. सात नोव्हेंबर. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४. २०१७ पासून सरकारनं हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. चांगलं केलं. आता त्या सुमाराला शाळाशाळांतून भाषणं असतात, निबंध असतात, फोटोला हार असतो.

तर गेल्या खेपेला विहारात पाचवीतली एक पोरगी भाषण पाठ करत होती. शाळेतून लिहून दिलेलं. ताठ उभी राहून म्हणत होती, ‘बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसवले जात असे. त्यांना पाणी दिले जात नसे. त्यांचा अपमान केला जात असे. तरीही ते शिकले.’ तिच्या शेजारी बसलेला पोरगा व्याकरणाचा गृहपाठ करत होता. कर्ता, कर्म, क्रियापद. तुम्हालाही मास्तरांनी ती युक्ती शिकवली असेल. क्रियापदाला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. ‘राम आंबा खातो.’ खाणारा कोण? राम. राम कर्ता. झालं.

त्या पोराला गंमत वाटली. त्यानं पोरीच्याच भाषणातलं वाक्य घेतलं आणि वहीत लिहिलं : बसवणारा कोण? पुढं उत्तर लिहिलं : बाबासाहेब.

मी म्हटलं, ‘अरे गाढवा, बाबासाहेब बसवणारे कसे? त्यांना बसवलं ना.’

तो म्हणाला, ‘मग कोण दादा? वाक्यात दुसरं कुणी हायच कुठं?’

दोस्तांनो, मी गप्प झालो. पोरगं बरोबर होतं. वाक्यात दुसरं कुणीच नव्हतं. वेगळं बसवलं गेलं, पण बसवलं कुणी नाही. पाणी दिलं गेलं नाही, पण नाकारलं कुणी नाही. पाऊस पडावा तसा अपमान वरून पडला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गात फक्त एक माणूस होता, बाबासाहेब. बाकी सगळा वर्ग, मास्तर, शिपाई, झाडूवाला, गाव, धर्म वाक्यातून पसार झालेला.

आज मला एवढंच मांडायचं आहे. आपल्या पोरांना आपला इतिहास शिकवला जात नाही, ही तक्रार आता पुरेशी नाही. शिकवला जातो. फोटो लावतात, हार घालतात, भाषणं होतात. पण शिकवताना कर्ता गाळतात. आणि कर्ता गाळून शिकलेलं पोर पुढं आपल्यावरचा अन्यायसुद्धा हवामानासारखा सोसतं.

बाबासाहेबांनी स्वतः हे कसं लिहिलं ते पाहा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं त्यांचं छोटं आत्मकथन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं. त्यात साताऱ्याच्या शाळेबद्दल ते काय सांगतात? वर्गात नंबराप्रमाणे बसता येत नव्हतं, कोपऱ्यात एकट्यानं बसायचं. बसायला स्वतःचं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. बाकीच्या पोरांना तहान लागली की मास्तरांची परवानगी मिळाली म्हणजे झालं, नळ सोडायचा आणि प्यायचं. यांना नळाला हात लावायची बंदी. शिपाई आला आणि त्यानं नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर तहान.

बघा, कर्ता कसा समोर येतो. झाडणारा नोकर. शिपाई. परवानगी देणारा मास्तर. प्रत्येकाचं काम काय आणि प्रत्येकानं काय केलं, ते सगळं नोंदलेलं आहे. कुणाला शिवी नाही, आरडाओरड नाही. कोर्टात साक्ष द्यावी तसं.

त्याच लिखाणात मसूरचं स्टेशन येतं. मसूर आमच्या कराड तालुक्यात. साल १९०१. वडील रामजी नोकरीनिमित्त गोरेगावला होते, खटाव तालुक्यात. त्यांना भेटायला ही पोरं नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीनं निघाली आणि मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला, मग जात कळली आणि मागं सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं असं ठरलं. रात्रभर अन्न जवळ होतं, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरलं नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर. त्याचा खरा धडा त्या रात्री झाला, आणि तो धडा देणाऱ्यांची यादी त्यानं मनात ठेवली. स्टेशनमास्तर, गाडीवाला, टोलनाक्यावरचा माणूस.

हे मी विहारातल्या पोरांना वाचून दाखवलं. मग म्हटलं, चला, आता भाषणातली वाक्यं पुन्हा लिहू. प्रत्येक वाक्यात णारा कोण, ते घालायचं. अर्धा तास गेला. पोरीनं लिहिलं : ‘शाळेच्या नोकराने बाबासाहेबांच्या गोणपाटाला हात लावला नाही. शिपाई नसला की बाबासाहेबांना कोणी पाणी दिले नाही. मास्तरांनी हे रोज पाहिले.’ शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मी सांगितलेलं नव्हतं.

आता माझं सांगतो. माझी शाळा वाळवा तालुक्यातली. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर ऐकणारे बाकीचे गाव सुटल्यासारखे हसतील. आमच्या वर्गात दर वर्षी एक दिवस यायचा. मास्तर कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ आम्ही सहाजण उभे राहायचो. सगळा वर्ग वळून बघायचा. मला सहा वर्षं वाटत होतं, स्कॉलरशिप म्हणजे उभं राहायची शिक्षा. हे मी लोकांना सांगताना नेहमी कसं सांगायचो? ‘आम्हाला उभं केलं जायचं.’ अरे साल्या, उभं करणारा कोण? त्याला तोंड होतं, नाव होतं, चष्मा होता. कागद न वाचता हाक मारून एकेकाला बोलावता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. माझ्यासुद्धा वाक्यातून तो माणूस मीच वीस वर्षं गाळत होतो. भीती माणसाच्या व्याकरणात शिरते ती अशी.

आता साताऱ्याहून सांगलीला येऊ. तसं हे वेगळं नाही. सांगली जिल्हा मूळचा साताऱ्याचाच. १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा काढला, १९६० ला सांगली नाव दिलं. याच जुन्या सातारा जिल्ह्यात वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० च्या १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांच्याबद्दल सगळ्या पोरांना एक वाक्य पाठ असतं : ‘अण्णा भाऊंनी दीड दिवसात शाळा सोडली.’

घ्या, आता युक्ती लावा. सोडणारा कोण? अण्णा भाऊ.

कर्ता सापडला! कसा चटकन सापडला बघा. बाबासाहेबांना वेगळं बसवणारा कोण, ते सापडत नव्हतं. शाळा सोडणारा मात्र पहिल्या झटक्यात सापडला. म्हणजे या व्यवस्थेच्या व्याकरणाचा नियम काय? जिथं त्यांनी केलं तिथं कर्ता गाळायचा. जिथं आपल्याला सोसावं लागलं तिथं आपल्यालाच कर्ता करायचं.

अण्णा भाऊंनी शाळा सोडली नाही, दोस्तांनो. जातीवरून जी वागणूक त्या वर्गानं दिली, तिनं त्यांना बाहेर काढलं. मांगवाड्याला हजेरी हा शब्द आधीच ठाऊक होता, पण तो शाळेचा नव्हता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्यांना जी हजेरी द्यावी लागायची, ती हजेरी. १८७१ साली इंग्रजांनी केलेला तो कायदा १९५२ पर्यंत चालला. ‘फकिरा’ कादंबरी वाचा, म्हणजे ती हजेरी काय चीज होती ते कळेल. एका रजिस्टरात नाव असलंच पाहिजे, चुकलं तर बेड्या. दुसऱ्या रजिस्टरात नाव दीड दिवस टिकलं.

आणि तो माणूस बापाबरोबर चालत मुंबईला गेला. दुकानांच्या पाट्या, सिनेमांची पोस्टरं वाचत वाचत अक्षर शिकला. गिरणीत राबला, शाहिरी केली. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यानं केलं. १९५९ ला ‘फकिरा’ आली, ती त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. सांगितलंच पाहिजे. पण सांगताना एक घोटाळा होतो. ‘बघा, शाळेशिवाय माणूस एवढा मोठा झाला,’ असं शाळेचेच लोक म्हणायला लागतात! म्हणजे शाळेनं बाहेर काढलं, हे शाळेचं पाप राहिलं बाजूला, उलट तिचं काही बिघडलंच नाही. एका अण्णा भाऊंमागं मांगवाड्यातली, महारवाड्यातली, रामोशवाड्यातली किती पोरं दीड दिवसात बाहेर पडली आणि कायमची बाहेर राहिली, त्यांच्या जयंत्या नाहीत.

हे जुनं झालं असं म्हणाल. म्हणून आता या हंगामाचं सांगतो.

आमच्याकडे दुसरं सत्र आणि उसाची तोड बरोबरच सुरू होते. कृष्णा-वारणेच्या काठानं कोप्या पडतात. बीडकडून, नगरकडून, सोलापूरकडून, आमच्याच जतच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत अंग त्याचं. त्यांत आपली माणसं आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, कोरडवाहू जमिनीचे मराठेही आहेत. कोप्यांत जात विचारून ऊन लागत नाही. पण कोपी गावाच्या कुठल्या बाजूला पडते ते बघा. गावकूस कुठं गेलं म्हणता? दर वर्षी दिवाळीनंतर नवं उभं राहतं, उसाच्या पाचटाचं.

तिसरीच्या पोरांच्या हातात मी जिल्ह्याचा परिसर अभ्यास बघितला आहे. नद्या, पिकं, उद्योग. ऊस आहे, कारखाना आहे. त्या दिवशी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ऊस तोडणारा कोण? वस्तीतली पोरं म्हणाली, ‘बीडवाले.’ म्हटलं, त्यांच्याबरोबर तुमच्याएवढी पोरं येतात, ती आता कुठं आहेत? कुणी बोललं नाही. मग एका रविवारी आम्ही चौघं कार्यकर्ते आणि वरच्या वर्गातली तीन पोरं बसनं निघालो आणि पुढं पाऊण तास चालत कोप्यांवर गेलो.

तिथं एक दहा वर्षांची पोरगी भेटली. कडेवर भाऊ. तिच्या गावच्या शाळेत चौथीच्या पटावर तिचं नाव आहे. दिवाळीचा गृहपाठ दिलेली वही तिनं बरोबर आणली होती, पत्र्याच्या पेटीत. चार पानं लिहिलेली, पुढं कोरी. मी विचारलं, इथं काय करतीस? ती म्हणाली, भाकरी करते, बारक्याला बघते, दुपारी वाढं गोळा करून पेंढ्या बांधते. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावराला घालतात. पेंढ्या विकायला तीच बसते. किती पेंढ्यांचे किती रुपये, उधारी कुणाची, कालची बाकी किती, सगळं तोंडी. मोळ्या किती झाल्या की गाडी भरते, तेही तिला पाठ. म्हणजे गणित थांबलेलं नाही. गुणाकार चालू आहे, भागाकार चालू आहे. पण त्या गणिताला पेपर नाही, मार्क नाहीत, पाचवी नाही.

तिच्या आईला म्हटलं, ‘मावशी, इथल्या शाळेत घाला की हिला.’ बाई म्हणाली, ‘घालीन की दादा. मंग बारक्याला कोन बघंल? आमी दोघं बी फडात. एक खाडा झाला तर मुकादम पैशे कापतो.’

खाडा. शब्द ऐका. शाळेतही खाडाच म्हणतात. त्या घरात दोन खाडे आहेत. आईनं फडात खाडा केला तर पैसे कापतात. लेकीनं शाळेत खाडा केला तर वर्ष कापतात. आईचा खाडा वाचावा म्हणून लेकीचा खाडा. आणि गावच्या हजेरीपटात काय लिहिलं जातं? ‘सतत गैरहजर.’ गैरहजर राहणारी कोण? दहा वर्षांची पोरगी! सरकारी अहवालात ‘गळती’ म्हणतात, जशी काही ही पोरं मडक्यातलं पाणी आहेत आणि मडकं कुणी फोडलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कर्ता कोण? मुकादम? तो एक आहे. पण त्याच्यावर थांबलो तर तीही चूकच. वर बघा. साखर हवी असणारे आपण सगळे आहोत. ऊस वेळेत हवा असणारा कारखाना आहे. पाण्याविना जमीन कोरडी ठेवणारं नियोजन आहे. आणि या पोरीला शिकवायची जबाबदारी कायद्यानं ज्याच्यावर टाकली आहे, तो आहे.

इथं मला महात्मा फुल्यांकडं जावं लागतं. आमच्याच मातीतला माणूस; त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाई खंडाळ्याजवळच्या नायगावच्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यांनी काय म्हटलं? सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा. देणारा कोण, घेणारा कोण, हे त्यांनी सरळ हिशेबात मांडलं.

त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतल्या एका पोरीनं निबंध लिहिला. मुक्ता साळवे. मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास, तीन वर्षं शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या पोरीनं देवाला प्रश्न विचारले, बाजीरावाच्या राज्याचं नाव घेतलं, इमारतींच्या पायात माणसं पुरणाऱ्यांचं नाव घेतलं. तीन वर्षांच्या शाळेत कर्ता कसा शोधायचा ते शिकली होती. आज आपल्या पोरांना निबंधाला विषय काय असतो? ‘माझी दिवाळीची सुट्टी.’ ठीक आहे. मग कोपीतल्या पोरीलाही तो लिहू द्या. तिची वही छापा, आणि मग बघा तो निबंध किती जणांना पचतो ते.

सातारा-सांगलीत या प्रश्नाचं उत्तरही एकदा शोधलं गेलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग चालवलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. गरिबाच्या पोराला नुसती शाळा काढून भागत नाही, त्याला राहायला आणि जेवायला जागा लागते, हे त्या माणसाला कळलं होतं. कोपीतल्या पोरीला आज तेच लागतं. गावात ठेवायचं तर हंगामी वसतिगृह, इथं आणायचं तर शाळेबरोबर बारक्यासाठी पाळणाघर. पूर्वी साखरशाळा होत्या. नंतर धोरण आलं की वेगळ्या शाळा नकोत, जवळच्या नेहमीच्या शाळेत घाला. धोरण चांगलं. स्थलांतर करणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, तेही चांगलं. त्या आईला मी विचारलं, कार्ड मिळालं का? ती म्हणाली, ‘रेशनचं?’

आणि एकीकडे हे चाललं असताना २०२३ च्या सप्टेंबरात परिपत्रक निघालं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करायचा विचार करा. पट कमी होतो. कमी करणारा कोण? विचारा, दोस्तांनो. पोरं पटावरून उचलून फडात नेणारी गरिबी एका हातानं चालू ठेवायची आणि दुसऱ्या हातानं पट मोजून शाळेला कुलूप घालायचं!

आता कायद्याचं. आपण कायद्याचं नाव काढलं की कंटाळतो. पण हे ऐका. २००९ चा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी. मी आधी समजत होतो, सक्ती म्हणजे आईबापावर सक्ती. तसं नाही. कलम आठ वाचा. सक्ती म्हणजे सरकारवरचं बंधन : प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, तिन्ही सरकारनं बघायचं. हजेरीसुद्धा! कलम नऊमध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री त्यांनी करायची. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम चौदा. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून अडवता येत नाही, कलम पाच. शाळा मधेच सुटली असेल तर वयाला योग्य अशा वर्गात घ्यायचं, कलम चार.

म्हणजे कर्ता सापडला की नाही? छापलेला आहे, राजपत्रात. ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांचा कर्ता ती पोरगी नाही. तिची हजेरी ज्यानं राखायची, तो आहे.

ही कलमं मोठ्या अक्षरात छापून आम्ही जवळच्या एका शाळेत गेलो. बाई चांगल्या होत्या. आधी म्हणाल्या, दाखले आणा. कागद वाचला, मग म्हणाल्या, उद्या घेऊन या. सात पोरं बसवली आम्ही. ती पोरगीही होती. भावाला घेऊन वर्गात बसायची, बाईंनी चालवून घेतलं. तीन आठवडे चाललं. मग एका सोमवारी गेलो तर कोप्यांच्या जागी राख आणि पाचट. फड हलला होता. कुठल्या गावाला, कुणाला ठाऊक नाही. त्या शाळेच्या पटावर सात नावं तशीच आहेत. पुढं काय लिहिलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे मी विजय म्हणून सांगत नाही. आम्ही हरलोच. पण कुठं हरलो ते कळलं. मुकादमाचा फोन नंबर आम्ही घेतला नव्हता. पुढचा फड कुठं पडणार, त्या गावात आपलं कोण आहे, याची साखळी आमच्याकडं नव्हती. कारखान्याला माहीत असतं टोळी उद्या कुठं जाणार. उसाचा हिशेब राहतो, पोरांचा राहत नाही. तर तो हिशेब आपण ठेवायचा.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुम्ही शहरात शिकलेली पोरं. तुमच्याकडं मोबाईल आहेत, रविवार आहेत, इंग्रजी अर्ज लिहिता येतो. सात नोव्हेंबरला फोटोला हार घाला, नाही म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात जवळच्या कोप्यांवर जा, वीटभट्टीवर जा, पुलाखालच्या बांधकामावर जा. पोरं मोजा. नाव, वय, गावची शाळा, इयत्ता लिहून घ्या. यादी घेऊन शाळेत जा, कलमांचा कागद पुढं ठेवा, पोच घ्या. टोळी हलली की पुढच्या गावच्या माणसाला कळवा. आणि आपल्या अभ्यासिकेत बारकी पोरं भाषण पाठ करत असतील तर मधे थांबवा आणि विचारा, णारा कोण?

त्या पाचवीतल्या पोरीचं राहिलंच. तिनं शाळेत ते बदललेलं भाषण म्हटलं. मास्तरांनी हे रोज पाहिलं, हे वाक्यसुद्धा. खाली बसताना तिला विचारलं, ‘हे तुला कुणी लिहून दिलं?’ पोरगी घाबरली होती, मला नंतर तिनंच सांगितलं. पण म्हणाली, ‘मीच लिहिलं.’

येत्या रविवारी आम्ही पुन्हा कोप्यांवर निघतोय. सकाळी सातची बस, मिरज स्टँडवरून. ज्यांना यायचं त्यांनी वही घेऊन या.

जय भीम!